मुतखड्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं : बधिरतेच्या इंजेक्शनला किती मोजावं, काय विचारावं

मुतखड्याच्या ऑपरेशनचं अंदाजपत्रक हातात आलं की घरचे लोक आधी सर्जनची फी बघतात, मग खोलीचं भाडं, मग दुर्बीण आणि लेझर. भूलतज्ज्ञांची फी एका ओळीत संपते, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. ऑपरेशननंतरचं दुखणं कसं आवरणार, याची तर त्या कागदावर ओळच नसते. रुग्णाला मात्र ऑपरेशन आठवत नाही, नंतरची पहिली रात्र आठवते. कूस बदलता येत नाही, खोल श्वास घेतला की पाठीत कळ येते, आणि नर्सला पुन्हा पुन्हा बोलवायचा संकोच वाटतो.

ती रात्र बरीच सुसह्य करणारं एक औषध आहे आणि बिलातल्या सर्वांत स्वस्त ओळींमध्ये ते मोडतं. ऑपरेशन संपता संपता जखमेच्या वाटेत टोचलेलं बधिरतेचं इंजेक्शन. दात काढताना हिरडीत देतात त्याच जातीचं, फक्त जास्त वेळ टिकणारं. पाठीतून मुतखडा काढून घेणाऱ्या प्रत्येकाने ते आधीच मागून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या नावाखाली बिलात हजारो रुपयांची वेगळी ओळ दिसली, तर ती कशाची आहे हेही विचारावं. या दोन्ही गोष्टी नीट करता याव्यात म्हणून पुढची माहिती.

आधी ऑपरेशन कोणतं ते पाहा

मुतखडा काढण्याच्या पद्धती अनेक, आणि हे इंजेक्शन सगळ्यांना लागू पडत नाही. खडा साधारण २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर बहुतेक यूरोलॉजिस्ट पीसीएनएल सुचवतात. पाठीतून, बरगड्यांच्या खालून किंवा मधून सुई थेट मूत्रपिंडात नेतात, ती वाट हळूहळू रुंद करतात, दुर्बीण आत घालून खडा फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली ही पद्धत पहिल्यांदा मांडली. त्याआधी मोठ्या खड्यासाठी कुशीवर लांबलचक चिरा द्यावा लागे. नेहमीच्या पीसीएनएलमध्ये वाट ३० फ्रेंच मापापर्यंत, म्हणजे १० मिलिमीटर रुंद होते. ‘मिनी’ पीसीएनएलमध्ये ती साधारण ५ ते ७ मिलिमीटरच असते. बाहेरून टाका एखादाच दिसतो, पण कातडी, पाठीचे जाड स्नायू आणि मूत्रपिंडाचं आवरण या सगळ्यांतून ही वाट गेलेली असते.

दुखणं तिथूनच सुरू होतं. कातडी आणि स्नायूंचा ठणका एक. मूत्रपिंडाच्या आवरणाला झालेली इजा दुसरी, आणि ती जास्त त्रास देते, कारण त्या आवरणात संवेदना भरपूर असते. पाठीत लघवीची नळी ठेवली असेल तर हालचालीबरोबर ती घासते. आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत घातलेला डीजे स्टेंट वेगळाच त्रास देतो: वारंवार लघवी, आग, आणि लघवी करताना कुशीत वर चढणारी कळ.

पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं, कारण बधिरतेचं इंजेक्शन पहिल्या दोन दुखण्यांवर चांगलं चालतं, नळीच्या दुखण्यावर थोडंफार चालतं आणि स्टेंटच्या त्रासावर अजिबात चालत नाही. लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून केलेल्या यूआरएस किंवा आरआयआरएसमध्ये पाठीवर जखमच नसते. तिथे जखमेत इंजेक्शन देण्याचा प्रश्न येत नाही. अशा ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात पाठीच्या नसेच्या ‘ब्लॉक’चे वेगळे पैसे दिसले, तर ते का लागतात हे समजल्याशिवाय मान्य करू नका.

औषध कोणतं, किती, केवढ्याचं

मुख्य औषध बुपिवाकेन. अ‍ॅनाविन, सेन्सोरकेन ही त्याची ओळखीची नावं. जखमेत दिल्यावर त्याचा परिणाम साधारण ४ ते ८ तास टिकतो. लिग्नोकेन, म्हणजे लोक ज्याला झायलोकेन म्हणतात ते, लवकर काम करतं पण एक-दोन तासांत उतरतं. टाका घालायला ते ठीक, रात्र काढायला पुरत नाही. तिसरं औषध रोपिवाकेन. त्याचा परिणाम बुपिवाकेनच्या जवळपास, पण हृदयाच्या दृष्टीने ते थोडं अधिक सुरक्षित मानतात आणि त्याची किंमत जास्त असते.

बुपिवाकेन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे त्याच्या किमतीला सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. ०.५ टक्क्याची २० मिलिलिटरची कुपी शंभर-दीडशे रुपयांच्या आत येते. रोपिवाकेनच्या तेवढ्याच कुपीला काही शे रुपये पडतात. शंका असेल तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये नाव टाकून कमाल किंमत बघता येते.

किती कुप्या लागतात, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध. बुपिवाकेनची सुरक्षित मात्रा वजनाच्या दर किलोला साधारण २ मिलिग्रॅम धरतात. रुग्णाचं वजन ५० किलो असेल तर त्याला १०० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, म्हणजे बरोबर एक कुपी. डॉक्टर बहुतेकदा त्यात सलाइन मिसळून ते ०.२५ टक्के करतात, मग तेच औषध दुप्पट जागेत पसरतं. ७० किलोच्या माणसालाही दीड कुपीच्या आत भागतं. कमरेतून भूल दिली असेल तर त्यासाठी ‘हेवी’ बुपिवाकेनची ४ मिलिलिटरची एक छोटी कुपी वेगळी लागते, तीही स्वस्तच असते. बिलात बुपिवाकेनच्या तीन-चार मोठ्या कुप्या दिसल्या तर औषधाच्या नोंदीची प्रत मागा. दिलेलं प्रत्येक औषध भुलेच्या नोंदपत्रकात वेळेसकट लिहिलेलं असतं.

ही मर्यादा केवळ पैशांसाठी नाही. हे औषध जास्त झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानात आवाज येतो. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असं क्वचित होतं आणि त्यावर उपाय आहे: २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन शिरेतून देतात. म्हणून ‘अजून थोडं द्या, दुखतंय’ असा आग्रह या औषधाबाबत धरू नये. पूर्वी दाताच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल, तर तो आठवणीने सांगावा.

मग हजारो रुपये कशाचे लागतात

औषध शे-दीडशेचं असतं. पैसे लागतात ते देण्याच्या पद्धतीला, आणि पद्धतींमध्ये मोठा फरक आहे.

सगळ्यांत साधी पद्धत म्हणजे ऑपरेशन संपताना सर्जनने लांब सुई जखमेच्या वाटेच्या कडेने, कातडीपासून मूत्रपिंडाच्या आवरणापर्यंत नेऊन मागे घेत घेत औषध सोडणं. दोन-तीन मिनिटांचं काम. सोनोग्राफी किंवा सी-आर्म यंत्र खडा शोधायला तिथे आधीच असतं, त्यामुळे सुई कुठवर गेली ते दिसतं. याचे वेगळे पैसे घेण्याचं कारण मला दिसत नाही. एक कुपी, एक सिरिंज आणि एक सुई, एवढंच बिलात यावं. खबरदारी एकच: औषध आवरणापर्यंत पोचायला हवं. फक्त कातडीत टोचलं तर टाक्याची जागा बधिर होते आणि आतला ठणका तसाच राहतो.

दुसरी पद्धत भूलतज्ज्ञांच्या हातची, नसेचा ब्लॉक. पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूंच्या पदरात किंवा नसांच्या मुळाशी, सोनोग्राफीत बघत औषध सोडायचं. इरेक्टर स्पायनी ब्लॉक हा त्यातला सध्या सर्वांत चर्चेतला प्रकार. त्याचं पहिलं वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं आणि सोपा असल्यामुळे तो झपाट्याने पसरला. याशिवाय पॅराव्हर्टेब्रल आणि क्वाड्रेटस लंबोरम हे ब्लॉक वापरले जातात. यांचा परिणाम जखमेतल्या इंजेक्शनपेक्षा बऱ्याचदा जास्त वेळ टिकतो. याला कौशल्य लागतं, सोनोग्राफी यंत्र लागतं आणि दहा-पंधरा मिनिटं जादा लागतात. म्हणून वेगळी फी रास्त आहे. खासगी रुग्णालयांत ती ढोबळमानाने दोन ते पाच हजार धरावी, मोठ्या शहरांतल्या कॉर्पोरेट रुग्णालयात याहून अधिक.

लहान गावांतल्या रुग्णालयात हा ब्लॉक मिळत नाही, त्याचं एक कारण लोकांना माहीत नसतं. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, ते कुठे वापरणार आणि कोण वापरणार याची नोंद द्यावी लागते. मुलींचा जीव वाचवणारा तो कायदा हवाच. पण त्यामुळे रुग्णालयारुग्णालयांत फिरणाऱ्या भूलतज्ज्ञांना आपलं छोटं यंत्र सोबत नेता येत नाही. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ब्लॉक होत नसेल तर सर्जनकडून जखमेतलं इंजेक्शन मागा. त्याला नवं यंत्र लागत नाही.

तिसरी पद्धत एपिड्युरल: पाठीच्या कण्यात बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवणं. मोठ्या उघड्या ऑपरेशनला ती फार उपयोगाची आहे, पण एका छिद्राच्या पीसीएनएलला सहसा तिची गरज नसते. संचाचा खर्च, वाढीव देखरेख आणि कधी कधी एक दिवस जास्त मुक्काम, हे सगळं धरून ती बरीच महाग पडते.

ब्लॉकवर खर्च करावा का? एक छिद्र, छोटी वाट, मूत्रपिंड व्यवस्थित, असं असेल तर जखमेतलं इंजेक्शन आणि वेळेवर दिलेलं पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. दोन-तीन छिद्रं करावी लागणार असतील, बरगडीच्या वरून वाट जाणार असेल, मोठी नळी ठेवणार असतील, रुग्णाला दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल आणि दुखण्यामुळे खोल श्वास टाळणं धोक्याचं असेल, तर ब्लॉकचे पैसे सत्कारणी लागतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तरीही, कारण अशा रुग्णाला डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकसारखी वेदनाशामकं देता येत नाहीत. ती मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतात. मग उरतात पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल, आणि ट्रामाडॉलने अनेकांना मळमळ, उलटी, चक्कर आणि बद्धकोष्ठ होतो. मूत्रपिंड आधीच कमकुवत असलेल्या माणसाला म्हणूनच या इंजेक्शनाचा फायदा सर्वांत जास्त, आणि त्याच्या घरच्यांनी ते सर्वांत ठामपणे मागावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल ब्लॉक टाळतात, तेव्हा गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा.

अपेक्षा मात्र मापात ठेवा. यावर भारतासह अनेक देशांत चाचण्या झाल्या आहेत. त्यांत साधारणपणे असं दिसतं की पहिल्या काही तासांत दुखणं कमी असतं, वेदनाशामक इंजेक्शन मागायची वेळ उशिरा येते आणि एकूण कमी औषध लागतं. एक दिवस उलटला की फरक फारसा उरत नाही. ‘इंजेक्शन दिलं की अजिबात दुखणार नाही’ असं कोणी सांगितलं, तर ते खरं नाही.

एकूण खर्चात याची जागा

पीसीएनएलचा खर्च जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी रुग्णालयात ढोबळमानाने पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, पुण्या-मुंबईत मध्यम रुग्णालयात ऐंशी हजार ते दीड लाख, आणि कॉर्पोरेट रुग्णालयात त्याहून बराच वर जातो. हे अंदाज आहेत. खड्याचा आकार, छिद्रांची संख्या, खोली आणि मुक्काम यांवर आकडा हलतो. खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, अतिदक्षता विभाग सोडून. या सगळ्यात बुपिवाकेनची कुपी म्हणजे रुग्णालयाच्या कँटीनमधलं एक जेवण.

‘पॅकेज’ असेल तर त्यात काय नाही, हे आधी विचारा. भूलतज्ज्ञांची फी, ब्लॉक, ऑपरेशननंतरची वेदनाशामकं, स्टेंट आणि स्टेंट काढण्याचं काम, यांतल्या एक-दोन गोष्टी बाहेर असतात आणि डिस्चार्जच्या दिवशी कळतात. वाचकांकडून आलेल्या बिलांत ‘पेन मॅनेजमेंट’ अशी मोघम ओळही मी पाहिली आहे, पुढे चार-पाच हजारांचा आकडा आणि आत काय दिलं याचा पत्ता नाही. अशी ओळ फोडून मागा: कोणतं औषध, किती वेळा, कोणी दिलं.

दुसऱ्या दिवशीचीही एक बचत आहे. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीवर बऱ्याचदा काही शे रुपयांची किंमत छापलेली असते आणि ती दिवसातून तीन-चार वेळा लागते. रुग्ण खाऊ-पिऊ लागला, उलटी नसेल, तर तेच औषध गोळीने देता येतं आणि ते दोन-तीन रुपयांत होतं. ‘आता गोळी चालेल का?’ हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. बहुतेक वेळा ते ‘हो’ म्हणतात.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दरपत्रक दिसलं नाही तर मागा.

सरकारी वाट

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पीसीएनएल बसतं. आता ही योजना आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते, शिधापत्रिकेच्या रंगाची अट राहिलेली नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांनाही ती लागू करण्याचा निर्णय राज्याने घेतला. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, कारण रुग्ण एकदा ‘पैसे भरून’ दाखल झाला की मग योजनेत बदलून घेताना फार ओढाताण होते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं.

योजनेच्या पॅकेजमध्ये भूल, औषधं आणि लागणारं साहित्य येतं. बधिरतेचं इंजेक्शन हे भुलेचंच औषध आहे, त्यासाठी वरून पैसे मागता येत नाहीत. मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा, आणि शक्य असेल तर रुग्ण दाखल असतानाच करा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यूरोलॉजिस्ट नसतो. पीसीएनएलसाठी बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांकडे जावं लागतं: मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात सुपर स्पेशालिटी. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. या ठिकाणी तारीख लांबची मिळू शकते. पण शिकवणारी रुग्णालयं असल्यामुळे ब्लॉक देणारे भूलतज्ज्ञ तिथे असण्याची शक्यता छोट्या खासगी रुग्णालयापेक्षा जास्त असते. मागितलं तर मिळू शकतं. अडचण अशी की तिथे कोणी मागत नाही.

विमा असेल तर

मुतखड्यासाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तो संपला आहे का पाहा. मग खोली निवडा. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी प्रमाणात कपात करते. ही कपात डॉक्टरांच्या आणि भूलतज्ज्ञांच्या फीवर आणि ऑपरेशन थिएटरच्या खर्चावर लागते, औषधं आणि इम्प्लांटवर लागत नाही. म्हणजे बुपिवाकेनच्या कुपीवर कपात नाही, पण ब्लॉकच्या फीवर आहे. ब्लॉक ठरलाच असेल तर तो कॅशलेसच्या पहिल्या अर्जातच लिहायला सांगा. नंतर घुसवलेल्या ओळीवर विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारे टीपीए प्रश्न विचारतात आणि डिस्चार्ज अडकतो. नियमाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत मिळायला हवी.

अनेक पॉलिसी डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांपर्यंतचा खर्च देतात. स्टेंट काढण्याचं बिल त्यात बसतं. ते मूळ बिल, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

आदल्या दिवशी विचारायचं ते

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी तपासायला येतात. ती पाच-दहा मिनिटं नातेवाईक चहाला गेलेले असतात. त्या वेळी तिथे थांबा आणि विचारा: ‘डॉक्टर, ऑपरेशन संपताना जखमेच्या वाटेत बुपिवाकेन देणार का? की ब्लॉक देणार? त्याचे वेगळे पैसे किती?’ सर्जनलाही सांगा की हे ठरलं आहे, कारण इंजेक्शन त्यांच्या हातून दिलं जाणार असेल तर टाका घालण्याआधी त्यांच्या लक्षात असायला हवं. पाठीत नळी ठेवणार की नाही, ठेवली तर बारीक की मोठी, हेही विचारा. बारीक नळी किंवा नळीविना ऑपरेशन दुखण्याच्या दृष्टीने बरं. पण रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाचा धोका असेल तर सर्जन मोठी नळी ठेवतील, आणि त्यात हट्ट धरू नये.

इंजेक्शन दिल्यावर ते किती वाजता दिलं, ते कागदावर लिहून घ्या. दुपारी दोनला दिलेलं औषध रात्री आठ-दहाच्या सुमारास उतरतं, म्हणजे नेमकं वॉर्डातली पाळी बदलल्यावर. ते उतरण्याच्या तासभर आधी पॅरासिटामॉल पोटात किंवा शिरेत गेलेलं असेल, तर ठणका एकदम अंगावर येत नाही. दुखायला लागल्यावर मागण्यापेक्षा घड्याळाप्रमाणे घेणं कधीही चांगलं. प्रौढ माणसाला सहा तासांनी १ ग्रॅम, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर आणखी कमी, तेही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

स्टेंट आणि जेली

घरी गेल्यावरचा त्रास बहुतेक स्टेंटचा असतो. त्यावर टॅमसुलोसिन आणि मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असेल तर जनऔषधी केंद्रात अशा गोळ्या बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात.

स्टेंट काढताना बधिरतेच्या औषधाचा प्रश्न पुन्हा येतो. हे काम बाह्यरुग्ण विभागातच, लिग्नोकेनची जेली मूत्रमार्गात सोडून होऊ शकतं. तेव्हा खर्च दोन-पाच हजारांत राहतो. तेच पूर्ण भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये केलं की भूलतज्ज्ञ, थिएटर आणि अर्ध्या दिवसाची खोली मिळून आकडा कितीतरी वाढतो. लहान मुलांना आणि फार घाबरणाऱ्यांना भूल लागते, ते योग्यच आहे. बाकीच्यांनी जेलीवर होईल का, हे विचारावं. लवचीक दुर्बीण असेल तर पुरुषांना त्रास बराच कमी होतो. जेली सोडल्यावर काही मिनिटं, शक्य असेल तर दहा मिनिटं थांबायला हवं. गर्दीच्या ओपीडीत जेली सोडून लगेच दुर्बीण घालतात आणि मग रुग्ण म्हणतो की बधिर झालंच नाही. ‘डॉक्टर, थोडं थांबू या का?’ असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलवर लावून ठेवा. महिनोन् महिने आत राहिलेल्या स्टेंटवर खडे चढतात, आणि मग तो काढायला पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन लागू शकतं.

बिलाबद्दल रुग्णालयाने उत्तर दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. औषध कमाल किमतीपेक्षा महाग विकलं असेल तर किंमत प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलं आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.

एक गोष्ट मात्र पैशांच्या हिशेबात धरू नका. ताप १०१ च्या वर गेला, थंडी वाजून आली, लघवी बंद झाली, कुशीत सूज आली, किंवा कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढलं, तर वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. पीसीएनएलनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही आतून रक्तस्राव होऊ शकतो. लघवी लालभडक झाली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर रात्र असली तरी डिस्चार्ज कार्ड घेऊन थेट त्याच रुग्णालयात जा.